कष्टांवांचून कोलाचे नाहींत

आमचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें. शब्दांची व्युत्पत्ति, विभक्तींचे प्रत्यय आणि मुलांच्या निबंधांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका यांपलीकडे आमची दृष्टि फारशी गेली नाहीं. अशा माणसानें पक्वान्नाविषयीं लिहावयास बसावें हें पाहून आमच्या घरांत थोडा हंशा पिकला. वाचकभगिनींनाही हंसूं आल्यास त्यांस आम्ही दोष देणार नाहीं. परंतु गेल्या वर्षीं मुलाकडे टेक्सासांत ह्यूस्टन येथें सहा महिने राहण्याचा योग आला, आणि तेथें शेजारच्या एका आजीबाईंच्या सैंपाकघरांत जें पाहिलें तें लिहून ठेवल्यावांचून आम्हांस चैन पडेना.

आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. जन्म टेक्सासांतला, आईबापांचाही तेथलाच. परंतु मूळ घराणें मोरेव्हियांतलें. सांप्रतच्या चेक प्रजासत्ताकाचे पश्चिमेकडील बोहेमिया आणि पूर्वेकडील मोरेव्हिया हे दोन मोठे भाग. त्यांपैकीं दुसऱ्या भागांतून त्यांचे पूर्वज जहाजानें अमेरिकेस आले. आमची सूनबाई दर शनिवारीं त्यांच्याकडे ‘कोलाचे’ शिकावयास जात असे. एके दिवशीं ती म्हणाली, “बाबा, तुम्हीही चला ना. आजी शब्दांच्या फार गमती सांगतात.” शब्दांचें आमिष दाखविल्यावर मास्तर मागें राहतो थोडाच!

‘कोलाच’ हा शब्दच मोठा मजेदार आहे. चेक भाषेंत ‘कोलो’ म्हणजे चाक. चाकासारखा वाटोळा म्हणून तो ‘कोलाच’. ‘कोलो’, आपला संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपल्या सुदर्शनचक्राचा आणि आजीबाईंच्या परातींतील या चकतीचा हजारों वर्षांपूर्वीं एका घरचा संबंध होता! आणखी एक गंमत अशी कीं, चेक भाषेंत एक असेल तर ‘कोलाच’ आणि अनेक असतील तर ‘कोलाचे’. ‘अनारसा’चें ‘अनारसे’ करणाऱ्या मराठी कानाला हें अनेकवचन शिकवावें लागत नाहीं. अमेरिकन लोक मात्र एकालाच ‘कोलाची’ म्हणतात आणि वर इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ लावितात. आजीबाईंनीं हें हंसत सांगितलें, आणि आमच्यांतला व्याकरणाचा मास्तर मनांतल्या मनांत सुखावला.

आतां हा पदार्थ म्हणजे नेमका काय? दूध, लोणी, साखर आणि अंडें घालून मैदा मळावयाचा, यीस्टनें तो फुगवावयाचा, त्याच्या चकत्या करून मध्यें खळगा पाडावयाचा, त्यांत गोड सारण भरावयाचें, वर लोणी-साखर-मैद्याचा चुरा भुरभुरावयाचा आणि भट्टींत भाजावयाचें. हेंच सारण पिठांत पूर्ण झांकून घेतलें आणि ते गोळे परातींत एकास एक खेटून भाजले म्हणजे त्यांस ‘बुख्ती’ म्हणतात. खुल्या तोंडाचा तो कोलाच, मिटल्या तोंडाची ती बुख्ता. आपल्याकडे सारण तेंच असून पोळी, करंजी आणि मोदक हीं वेगळीं होतात, तसाच हा प्रकार समजावा.

सारणें मुख्यतः तीन. पहिलें खसखशीचें. आपली खसखस पांढरी, त्यांची निळसर करडी. ती दळून दुधांत साखरेसह शिजवितात. दुसरें ‘त्वारोह’चें, म्हणजे दूध नासवून पाणी काढलेल्या मऊ ताज्या चीजचें. तिसरें ‘पोव्हिद्ला’चें. हा आलुबुखाराच्या जातीच्या फळांचा काळा दाट मुरंबा होय. परंतु जुन्या रीतीप्रमाणें त्यांत साखर घालीत नाहींत. शरद ऋतूंत पिकलेलीं फळें मोठ्या कढईंत तासन्‌तास आटवितात. खालीं लागूं नये म्हणून रात्रभर ढवळीत बसावें लागे. त्यासाठीं शेजारीपाजारी जमत, पाळी लावून ढवळीत आणि गप्पागोष्टींत रात्र सरे. आमच्या लहानपणीं गुऱ्हाळावर जागविलेल्या रात्री आम्हांस आठवल्या. मोरेव्हियाच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत ‘फ्रगाल’ नांवाचा थाळीएवढा मोठा कोलाच करितात. वाळविलेल्या नासपतीचें सारण हें त्याचें वैशिष्ट्य. आपल्या हापूस आंब्यास जसें भौगोलिक मानांकन मिळालें, तसेंच युरोपीय संघाकडून २०१३ सालीं या फ्रगालास मिळालें.

परंतु पदार्थ नुसता चवीनें टिकत नाहीं. तो रीतिरिवाजांत गुंफला गेला म्हणजेच टिकतो. गांवच्या देवळाच्या वार्षिक उत्सवाला, म्हणजे त्यांच्या जत्रेला, घरोघरीं कोलाचे होत. हिवाळ्यांत गांवच्या बायका एका घरीं जमून गाद्यागिरद्यांसाठीं पिसें सोलीत. तें काम संपलें कीं घरधनीण त्यांना गोडधोड खाऊं घाली. लग्न ठरलें म्हणजे रुपयाएवढाले नव्हेत, पण एका घांसांत मावतील असे चिमुकले कोलाचे शेंकड्यांनीं भाजून ते आप्तेष्टांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरीं लग्नापूर्वीं पोंचवीत, आणि मोरेव्हियांत अजूनही पोंचवितात. आपल्या घरचा आनंद शेजाऱ्याच्या तोंडांत गोड झाल्यावांचून पुरा होत नाहीं, ही समजूत एकट्या भरतखंडाची नव्हे.

त्यांच्या लोककथांत होंझा नांवाचा एक आळशी मुलगा आहे. सारा दिवस उबदार चुलीपाशीं लोळत पडणारा. शेवटीं आई त्याला जगांत पाठविते. पाठवितांना बुख्ती भाजून गांठोडें बांधून देते. अनेक कथांत तो तीं शिदोरी वाटेंत भेटलेल्या भुकेल्या म्हाताऱ्याबरोबर वांटून खातो आणि तेथूनच त्याचें दैव उघडतें. आईनें बांधून दिलेली शिदोरी आणि ती वांटून खाण्याची बुद्धि, एवढ्या भांडवलावर मुलगा जग जिंकूं शकतो, हें त्या कथेचें सार. परदेशीं मुलें पाठविलेल्या आईबापांस तें निराळें समजावून सांगावयास नको.

खरोखरच एक सारा समाज अशी शिदोरी बांधून निघाला. त्या काळीं बोहेमिया आणि मोरेव्हिया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होते. शेतकऱ्यांवर जमीनदाराच्या शेतांत वेठीनें राबण्याची सक्ति असे. तिला ‘रोबोता’ म्हणत. ती १८४८ सालीं रद्द झाली. (आज सर्व जगाच्या तोंडीं असलेला ‘रोबोट’ हा शब्द याच ‘रोबोता’पासून निघाला, आणि कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या एका नाटकानें तो जगभर नेला.) वेठ गेली तरी जमीन वाढली नाहीं. १८५० सालीं योसेफ अर्नोश्त बेर्गमान नांवाचे एक धर्मोपदेशक टेक्सासांत जाऊन पोंचले. तेथील विस्तीर्ण जमिनीचें वर्णन करणारीं त्यांचीं पत्रें मायदेशीं हातोहात फिरलीं आणि वर्तमानपत्रांतही छापलीं गेलीं. तीं वाचून १८५१ च्या अखेरीस पूर्व बोहेमियांतील कांहीं कुटुंबें निघालीं. लिव्हरपूल, न्यू ऑर्लिन्स, गॅल्व्हस्टन असा तो प्रवास. त्या पहिल्या तुकडींतील सुमारे निम्मीं माणसें वाटेंत किंवा पोंचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावलीं. तरीही मागाहून येणाऱ्यांची रीघ थांबली नाहीं. पुढें मोरेव्हियांतून विशेष लोक आले. त्यांनीं वसविलेल्या गांवांचीं नांवें आजही प्राहा, दुबिना अशीं आहेत. आम्ही ह्यूस्टनहून सुमारे शंभर मैलांवरील ला ग्रेंज गांवाकडे गेलों होतों, तेव्हां आसपासच्या गांवांतलीं आंतून रंगविलेलीं त्यांचीं लहान लहान देवळें पाहिलीं. छतावर वेलपत्ती, भिंतीवर चेक भाषेंतील अक्षरें, आणि बाहेर कापसाच्या मुलखाचें रणरणतें ऊन!

नव्या भूमींत सारणें बदललीं. तेथें पीच आणि जर्दाळू हाताशीं होते. ते कोलाचांत गेले. पुढें विसाव्या शतकांत मांसाचें सारण भरलेला एक प्रकार टेक्सासांतच निघाला. जुनीं चेक माणसें त्यास कोलाच म्हणूं देत नाहींत, त्याचें नांव ‘क्लोबास्निक’. आजीबाई याबाबतींत आमच्या पाणिनीपेक्षांही कडक! आज टेक्सासच्या हमरस्त्यांवर कोलाचांचीं दुकानें जागोजाग दिसतात. १९८९ सालीं तेथील विधिमंडळानें कॉल्डवेल या गांवास ‘कोलाचांची राजधानी’ असा किताब दिला. नेब्रास्का, आयोवा, मिनेसोटा या संस्थानांतही चेक वस्ती झाली. विला कॅथर या अमेरिकन लेखिकेच्या १९१८ च्या ‘माय अँटोनिया’ या कादंबरींत बोहेमियन शेतकरी कुटुंबाच्या घरीं कोलाचांचा उल्लेख येतो.

आतां आजीबाईंची कृति. सूनबाईनें पहिल्याच दिवशीं प्रमाण विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “प्रमाण? पीठ मागेल तेवढें दूध!” सूनबाईनें हार खाल्ली नाहीं. तिनें वजनकांटा नेला, आणि आजीबाई पीठ घालीत तें त्यांच्या हाताखालीं कांटा धरून मोजलें. तीन शनिवारांनंतर जें हातीं आलें तें असें:

मैदा अर्धा किलो, कोमट दूध अडीचशें मिलिलिटर, साखर ८० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, अंड्यांचे दोन पिवळे बलक, कोरडें यीस्ट ७ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा आणि एका लिंबाच्या सालीचा कीस. प्रथम थोड्या कोमट दुधांत चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटें ठेवावें; फेंस आला तरच पुढें जावें. मग सर्व जिन्नस एकत्र करून लांकडी पळीनें घोटावें. पीठ पोळीच्या कणकेहून पुष्कळ सैल असतें. तें पळीला आणि भांड्याला सोडूं लागून चकचकीत होईपर्यंत घोटणें हेंच खरें कष्टाचें काम. झांकून उबदार जागीं तास-दीड तास ठेवावें. दुप्पट फुगल्यावर चोवीस गोळे करावे, तूप लावलेल्या थाळींत किंचित् चपटे करून पुन्हां वीस-पंचवीस मिनिटें झांकून ठेवावे. नंतर बोटांनीं मध्यें खळगा पाडून सारण भरावें. वर भुरभुरावयास १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम लोणी व ५० ग्रॅम साखर बोटांनीं चुरून घ्यावी. भट्टी १८० अंश सेल्सियसवर आधींच तापवून पंधरा ते अठरा मिनिटें भाजावें, आणि बाहेर काढतांच पातळ केलेलें लोणी पुसावें.

खसखशीच्या सारणास २०० ग्रॅम खसखस कोरडीच बारीक दळून २२० मिलिलिटर दुधांत ९० ग्रॅम साखर, चिमूटभर दालचिनी व लिंबाच्या सालीसह घट्ट होईपर्यंत शिजवावी; थंड झाल्यावरच भरावी. ज्या घरांत अंडें चालत नाहीं, तेथें तें गाळून दोन चमचे दूध अधिक घालावें. आमच्या मंडळींसाठीं सूनबाईनें तसेंच केलें आणि कोलाचे कांहीं रुसले नाहींत. यीस्ट म्हटल्यावर आमच्या आजी-पणजींनीं मात्र कपाळास हात लाविला असता. १८४९ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या परमहंस मंडळींत प्रवेश घ्यावयाचा तर परक्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे, एवढा त्या काळीं पावाचा धाक! काळ बदलतो तो असा.

पीठ घोटतां घोटतां सूनबाईचा हात दुखून आला, तेव्हां आजीबाईंनीं एक चेक म्हण उच्चारली. तिचा अर्थ, ‘कष्टांवांचून कोलाचे नाहींत.’ आम्हीं उत्साहानें विचारलें, “आपण चेक बोलतां तर!” त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, “नाहीं हो मास्तर. मला आतां सैंपाकघरांतले शब्द येतात, शंभरापर्यंत आंकडे येतात आणि प्रार्थना येते. शाळेंत आम्ही चेक बोललों कीं बाई शिक्षा करीत. माझ्या मुलांना ती पाळी येऊं नये म्हणून मीं त्यांना शिकविलीच नाहीं. कोलाचे मात्र शिकविले.”

आम्ही निरुत्तर झालों. वाचकहो, येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खेड्यांतून आलेलीं मुलें वर्गांत ‘न्हाई’, ‘व्हय’ म्हणत, तेव्हां आम्हींही त्यांना सर्वांदेखत टोकलें आहे, प्रसंगीं बांकावर उभें केलें आहे. प्रमाण भाषा शिकविणें हें आमचें कर्तव्य होतें यांत शंका नाहीं. परंतु घरची बोली म्हणजे लाजिरवाणी वस्तु, असें त्या कोंवळ्या मनांवर ठसविण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. त्या आजीबाईंच्या बाईंनीं जें केलें, तेंच आम्हीं लहान प्रमाणांत केलें.

मोरेव्हियाच्याच भूमींत १५९२ सालीं यान आमोस कोमेन्स्की, म्हणजे जगप्रसिद्ध कोमेनियस, हा शिक्षकांचा शिक्षक जन्मला. धर्मच्छळामुळें १६२८ सालीं त्याला मायदेश सोडावा लागला आणि १६७० सालीं तो ॲमस्टरडॅम येथें परदेशींच वारला. १६५८ सालीं त्यानें मुलांसाठीं सचित्र पुस्तक काढलें. चित्रांतील वस्तूंना आंकडे आणि शेजारीं त्यांचे शब्द, अशी त्याची रचना. शब्द आणि वस्तु यांची ताटातूट करूं नये, हें त्याच्या शिकवणींतील एक मुख्य सूत्र. आम्हीं हें सूत्र अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत पाठ केलें होतें. त्याचा अर्थ त्या दिवशीं पिठाच्या भांड्यापाशीं उमगला. आजीबाईंच्या घरीं वस्तु राहिली आणि तिच्याभोंवतीची भाषा गेली. वस्तु राहिली हेंही थोडें नव्हे. त्या वस्तूला चिकटून ‘कोलाच’, ‘पोव्हिद्ला’ असे चारदोन शब्द आणि ती एक म्हण तरली. परंतु वारसा म्हणावयाचा तर दोन्ही पाहिजेत.

आणि आमच्या घरीं? आमच्या घरीं भाषा राहिली, पण वस्तु गेली! आमची आई अनारसे करी. अधिक मासांत जांवयास द्यावयाचे तेहतीस अनारसे ती एका बैठकींत तळी, आणि त्यांतला एकही तुपांत हंसत नसे. ऋग्वेदांतील ‘अपूप’ शब्दाचा अर्थ आम्हीं शेंकडों मुलांना सांगितला, परंतु घरांत अपूपदान करणाऱ्या आईला पिठाचें प्रमाण विचारावें हें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. ती जाऊन बावीस वर्षें झालीं. तेव्हांपासून दिवाळीचे अनारसे दुकानांतून येतात. ह्यूस्टनहून परत येतांना विमानांत आम्हीं हें बोलून दाखविलें, तेव्हां घरांतून उत्तर आलें, “अहो, मीही नोकरीच्या धांवपळींत विचारलें नाहीं. पण सांगलीला आक्का आहेत ना!”

आमच्या आक्का, म्हणजे थोरल्या भगिनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आईच्या हाताखालीं बसलेलें आतां तेवढें एकच माणूस. परत आल्यावर पंधरा दिवसांत आम्ही उभयतां वजनकांटा आणि नवी कोरी वही घेऊन सांगलीस गेलों. आक्का हंसल्या. “अरे, मोजायचें काय त्यांत? गूळ हाताला कळतो.” हुबेहूब आजीबाई! तरी आम्हीं मोजलें. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मग सावलींत पसरून, पुरते न वाळवितां दळून, बारीक चाळणीनें चाळून. अर्धा किलो ओलसर पिठास आक्कांच्या हातानें चारशें ग्रॅम गूळ घेतला. गोळा मुरण्यास पांच दिवस ठेवला. चिमुकल्या गोळ्या खसखशीवर थापल्या, आणि मंद आंचेवर तुपांत खसखशीची बाजू वर करून सोडल्या. पहिल्या घाण्याचे दोन अनारसे हंसले. आक्का म्हणाल्या, “त्या गोळ्यांत गूळ नीट मिसळला नाहीं, एके ठिकाणीं जास्त झाला. हेंही लिही.” आम्हीं तेंही लिहिलें. तिसरा अनारसा जाळी धरून वर आला, तेव्हां त्या स्वतःशींच म्हणाल्या, “आईचा असाच होई.” यापुढें आमच्यानें कांहीं वेळ लिहवलें नाहीं.

वाचकभगिनींनो, आपल्या घरींही अशी एक आक्का, एक आत्या, एक काकू असेलच, जिच्या हातांत एखादा जिन्नस उरला आहे आणि वहींत उतरलेला नाहीं. कांटा आणि वही घेऊन तिच्याजवळ जाऊन बसावें. ती ‘अंदाजानें’ म्हणेल. तिला हंसूं द्यावें, पण मोजावें. प्रमाणाबरोबर तिचे शब्दही तिच्याच तोंडचे लिहावे, ते शुद्ध करूं नयेत. आणि हें दिवाळीवर टाकूं नये. कोलाचांप्रमाणें याही कामाला घोटण्याचे कष्ट आहेत, परंतु त्याला लागणारा वेळ आपल्या हातचा नाहीं.

आमच्या वहीचीं दोन पानें आतां ह्यूस्टनला गेलीं आहेत; एका पानावर कोलाच, दुसऱ्यावर अनारसा. नऊ वर्षांच्या नातवास देवनागरी अजून अडखळत वाचतां येते. परवां दूरध्वनीवर त्यानें आक्कांची कृति वाचून दाखविली. ‘हंसला’ या शब्दाशीं येऊन तो थबकला आणि विचारूं लागला, “आजोबा, अनारसा हंसतो म्हणजे काय?” आम्हीं सांगितलें, आणि एक शब्द त्याच्या वस्तूसह समुद्रापलीकडे पोंचला.